भोगावतीकाठची म्हैस आणि एका पर्णकृमीचे नाव

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी असलेल्या एका गावात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक पंढरपुरी म्हैस दगावली. मालक लहान शेतकरी, दावणीला चार म्हशी आणि रोजचे दूध शहरातल्या रतिबाला. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचे पाणी उसात आणि गवताच्या कुरणात शिरले होते व बऱ्याच दिवसांनी ओसरले होते. त्यानंतर म्हशी त्याच कुरणातील आणि पाटाच्या कडेच्या ओल्या वैरणीवर होत्या. दिवाळीच्या सुमारास एका म्हशीचे दूध कमी झाले, ती खंगत गेली, शेण पातळ झाले आणि जबड्याखाली मऊ सूज आली. पुराचे वर्ष आणि गळ्याजवळची सूज म्हटल्यावर पहिला संशय घटसर्पाचा येणे स्वाभाविक होते. परंतु घटसर्पाची सूज गरम व दुखरी असते, ताप मोठा असतो आणि जनावर बहुधा एक-दोन दिवसांतच जाते. येथे सूज थंड होती, बोटाने दाबल्यावर खळगा राहत होता आणि आजार आठवडे चालला होता. रक्तातील प्रथिने घटल्यामुळे पाणी जबड्याखाली उतरते, तशी ही सूज होती.

नोव्हेंबरच्या आरंभी शेणाची तपासणी झाली होती आणि तिच्यात कृमींची अंडी आढळली नव्हती. त्यामुळे यकृतातील पर्णकृमींचा, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमींचा, विचार बाजूला पडला. ही तपासणी मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी तरंगवण्याच्या पद्धतीने केलेली होती. गोलकृमींची हलकी अंडी या पद्धतीने वर येतात, पण पर्णकृमींची अंडी जड असल्याने तळाशीच राहतात. त्यांच्यासाठी शेण पाण्यात कालवून, गाळून आणि पुन्हा पुन्हा निवळून तळाचा गाळ पाहावा लागतो. तपासणीत एवढी एकच त्रुटी असती तर हे प्रकरण लिहिण्याचे कारण उरले नसते. दुसरे कारण कृमीच्या जातीत दडलेले होते आणि ते उमगण्यासाठी त्या कृमीचे नाव नक्की करणे भाग होते.

शवविच्छेदनात यकृत कडक, पृष्ठभाग खडबडीत आणि पित्तनलिका जाड झालेल्या आढळल्या. नलिका कापल्यावर दोन प्रकारचे कृमी बाहेर आले. पहिला प्रकार चपटा, पानासारखा, करड्या-तपकिरी रंगाचा. दुसरा जाडसर, शंकूच्या आकाराचा, गुलाबी आणि नलिकेच्या भिंतीला मागच्या टोकाने घट्ट धरून बसलेला. पानासारख्या कृमींपैकी बावीस अखंड मिळाले. त्यांतील चार इतरांपेक्षा स्पष्टपणे आखूड आणि खांद्याजवळ रुंद होते. जागेवर लिहिलेल्या पहिल्या अहवालात, बहुधा या चारांकडे पाहूनच, 'फॅसिओला हेपॅटिका' असे नाव नोंदवले गेले.

हे नाव लिहिणाऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात पर्णकृमीचा नमुना म्हणून हेपॅटिकाच शिकवला जातो. त्याचीच आकृती काढून आम्ही सर्वांनी गुण मिळवले आणि यकृतात चपटा कृमी दिसला की हातून तेच नाव लिहिले जाते. लिनेयसने हेपॅटिकाला 1758 मध्ये नाव दिले आणि युरोपातील मेंढ्यांमुळे त्याचा अभ्यास लवकर झाला. त्याचा उष्ण प्रदेशातील सोयरा फॅसिओला जायगँटिका याचे वर्णन कॉबोल्डने जवळपास शंभर वर्षांनी, 1855 मध्ये, एका जिराफाच्या यकृतातील कृमींवरून केले. भारताच्या मैदानी भागातील गाई-म्हशींत प्रामुख्याने जायगँटिकाच आढळतो, कारण त्याची मध्यस्थ गोगलगाय (जिच्या शरीरात कृमीच्या अळ्या वाढतात ती), रॅडिक्स ऑरिक्युलॅरिया, संथ व साचलेल्या कोमट पाण्यात आणि पाणवनस्पतींवर वाढते. हेपॅटिकाची मुख्य गोगलगाय, गाल्बा ट्रंकॅट्युला, थंड हवामानातील ओलसर चिखलात राहते. म्हणजे कोल्हापुरात हेपॅटिका असण्याची शक्यता कमीच होती. मात्र भूगोलावरून केवळ संशय घेता येतो, निदान करता येत नाही. जनावरांची ने-आण दूरवर होते आणि या दोन जातींचा संकरही होतो. जपान, कोरिया, चीन, व्हिएतनाम, बांगलादेश, नेपाळ आणि आपल्या पूर्व भारतातही असे संकरित प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून नमुन्यांनाच विचारण्याचे ठरले.

नमुने दोन बाटल्यांत आले होते. एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत 70 टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिनमध्ये शरीररचना सुरेख टिकते, पण ते प्रथिने आणि डीएनए यांना एकमेकांशी जखडून टाकते. पुढे डीएनए वेगळा केला तरी त्याचे तुकडे झालेले असतात आणि लांब भाग वाचता येत नाहीत. शवविच्छेदनाच्या घाईत हाताशी असलेली बाटली वापरली जाते, हे मी स्वतः अनेकदा केले आहे. या वेळी सुदैवाने बावीसपैकी चौदा कृमी अल्कोहोलमध्ये होते. चार आखूड कृमींपैकी मात्र दोन अल्कोहोलमध्ये आणि दोन फॉर्मॅलिनमध्ये पडले होते. ही विभागणी पुढे फार महत्त्वाची ठरली.

आधी बाह्यरचना पाहिली. प्रत्येक कृमीला क्रमांक दिला, छायाचित्र घेतले आणि लांबी, कमाल रुंदी व पोटावरील चूषकापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. हे शेवटचे माप विशेष उपयोगी असते, कारण जायगँटिकाचे शरीर प्रामुख्याने मागच्या भागात लांबते. पाठ्यपुस्तकांत हेपॅटिका साधारण 20 ते 30 मिलिमीटर आणि जायगँटिका 25 ते 75 मिलिमीटर लांब सांगितलेला असतो. म्हणजे 25 ते 30 या पट्ट्यात दोन्ही बसतात आणि लहान जायगँटिका तर सरळ हेपॅटिकाच्या घरात जातो. अठरा कृमी 30 ते 41 मिलिमीटर लांब, बाजू जवळजवळ समांतर असलेले आणि खांदे फारसे न उठलेले होते. त्यांच्या ओळखीत अडचण नव्हती. उरलेले चार 21 ते 24 मिलिमीटरचे, लांबी रुंदीच्या जेमतेम दुप्पट, पुढचा शंकू ठसठशीत आणि त्यामागे दोन्ही बाजूंना उठलेले खांदे. पाठ्यपुस्तकातील आकृतीशेजारी ठेवले असते तर कोणीही हेपॅटिकाच म्हटले असते.

मापे घेतल्यावर माझी खात्री वाढण्याऐवजी कमी झाली, याचे कारण सांगितले पाहिजे. मेलेला पर्णकृमी मरताना कसा आक्रसला, यावर त्याचा आकार अवलंबून असतो. थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला कृमी आखडतो आणि रुंद दिसतो. पाण्यात सैल होऊ देऊन, दोन काचपट्ट्यांमध्ये हलके दाबून स्थिर केलेला कृमी खऱ्या आकारात राहतो. यजमान म्हैस आहे की शेळी, एका यकृतात कृमींची दाटी किती आहे आणि कृमीचे वय काय, यांवरही लांबी-रुंदी बदलते. कोवळा जायगँटिका आधी रुंद असतो, त्याचे लांबणे नंतरचे. म्हणून एका कृमीचे एक माप कधीच पुरावा मानू नये. मापे कोणत्या अवस्थेतील आणि कशा स्थिर केलेल्या कृमीची आहेत, हे सांगितल्याशिवाय ती छापूही नयेत.

मग कार्माइनने रंगवलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतड्याच्या दोन अंधनालांना आतल्या बाजूला फुटणाऱ्या फांद्या जायगँटिकात अधिक आणि पुन्हा पुन्हा विभागलेल्या असतात. अठरा मोठ्या कृमींत तसे स्पष्ट दिसले, चार आखूड कृमींत फांद्या मध्यम होत्या. या चौघांच्या गर्भाशयातील चित्र अधिक बोलके होते. मोठ्या कृमींचे गर्भाशय पिवळसर अंड्यांनी गच्च भरलेले असताना या चौघांत अंडी अगदी मोजकी, एकात तर दहाच्या आत होती. म्हणजे हे नुकतेच पित्तनलिकेत पोचलेले, वयात येत असलेले कृमी होते. त्याच काचपट्टीवर आणखी एक गोष्ट पाहता आली. हेपॅटिका आणि जायगँटिकाच्या संकरातून जे प्रकार आशियात पसरले आहेत, त्यांच्या शुक्राशयात शुक्राणू जवळजवळ नसतात. ते शुक्राणूंच्या मदतीविना, अनिषेकजननाने अंडी घालतात. आमच्या चारही कृमींच्या शुक्राशयात शुक्राणूंच्या गुंतवळी भरलेल्या होत्या. संकरित प्रकाराची शक्यता येथे बरीच मावळली, मात्र हेपॅटिकाची शक्यता तशीच उरली, कारण शुद्ध हेपॅटिकालाही शुक्राणू असतातच.

आता डीएनए. यात पहिला प्रश्न कृमीच्या कोणत्या भागातून पेशी घ्यायच्या, हा असतो आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. पर्णकृमी उभयलिंगी असले तरी एकमेकांशी समागम करतात, त्यामुळे गर्भाशयातील अंड्यांत आणि तेथे साठलेल्या शुक्राणूंत जोडीदाराचा डीएनए असतो. तो मिसळला तर एका कृमीच्या नावाने दोघांचे उत्तर येते. म्हणून कडेचा, प्रजननअवयव नसलेला लहान तुकडा घेतला आणि कृमीचा बाकीचा सर्व भाग त्याच क्रमांकाने काचपट्टीसाठी राखून ठेवला. सगळा कृमी वाटून डीएनए काढणे सोपे असते, पण मग पुढे शंका आली तर पाहायला काहीच उरत नाही.

आम्ही केंद्रकातील आयटीएस-1 हा भाग निवडला. रायबोझोमच्या जनुकांच्या मध्ये असलेला हा भाग पेशीत शेकडो प्रतींनी असतो, त्यामुळे थोड्या नमुन्यातूनही पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) वाढवता येतो. सुमारे 680 अक्षरांचा (अक्षरे म्हणजे डीएनएच्या साखळीतील ए, टी, सी, जी हे घटक) तुकडा वाढवून त्यावर आरएसए-1 हे विकर वापरतात. हे विकर ठरावीक चार अक्षरे दिसली की तेथेच साखळी तोडते. जायगँटिकात एक जागा बदललेली असल्याने 172 अक्षरांचा तुकडा अखंड राहतो, तर हेपॅटिकात तो तुटून 104 आणि 68 असे दोन होतात. बाकीचे तुकडे दोन्हींत सारखेच असतात. संकरितात तिन्ही दिसू शकतात, कारण त्याच्याकडे दोन्ही घराण्यांच्या प्रती असतात.

हे तुकडे जेलमध्ये लांबीनुसार वेगळे होऊन पट्ट्यांच्या रूपात दिसतात आणि प्रत्येक नमुन्याची रांग वेगळी असते. अल्कोहोलमधील चौदाही कृमींत 172 ची पट्टी आली. मात्र एका आखूड कृमीच्या रांगेत तिच्याबरोबर 104 ची अंधूक पट्टीही दिसली. आमच्यापैकी एकाने लगेच 'संकर' हा शब्द उच्चारला, आणि कोल्हापुरात संकरित फॅसिओला सापडल्याची बातमी किती मोठी ठरेल, हा विचार मलाही क्षणभर सुखावून गेला. परंतु त्या कृमीचे शुक्राशय शुक्राणूंनी भरलेले मी स्वतः पाहिले होते. काचपट्टी आणि जेलवरील पट्टी यांचे म्हणणे जुळत नसेल तर दोहोंपैकी एकात चूक आहे, किंवा आपली समजूत अपुरी आहे. जेल पुन्हा पाहिल्यावर कृमीचा डीएनए न घातलेल्या, म्हणजे कोरी राहायला हवी अशा रांगेतही फिकट छटा आढळली. तुलनेसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवलेला हेपॅटिकाचा डीएनए त्याच टेबलावर, त्याच पिपेटने हाताळला गेला होता. नवी रसायने, वेगळी जागा आणि त्याच कृमीच्या दुसऱ्या कडेचा तुकडा घेऊन चाचणी पुन्हा केली. 104 ची पट्टी नाहीशी झाली आणि कोरी रांग कोरी राहिली. रचनेकडे आधी पाहिले नसते तर ही चूक शोध म्हणून छापली गेली असती, याची मला आजही धास्ती वाटते.

त्यानंतर आयटीएस-1 ची अक्षरे वाचून घेतली. या दोन जातींत पाच जागा फरकाच्या आहेत: 18, 108, 202, 280 आणि 300. हेपॅटिकात तेथे अनुक्रमे सी, ए, सी, टी, सी असतात आणि जायगँटिकात टी, टी, टी, ए, टी. अल्कोहोलमधील दोन्ही आखूड कृमींत पाचही जागांवर जायगँटिकाची अक्षरे आली आणि वाचनाच्या आलेखात कोठेही दोन अक्षरांची शिखरे एकावर एक चढलेली, म्हणजे दोन्ही जातींच्या प्रती असल्याची खूण, नव्हती. मायटोकाँड्रियातील एक जनुकही वाचले. तेही जायगँटिकाचेच निघाले. मायटोकाँड्रिया केवळ मातृपक्षाकडून येत असल्याने त्यावर एकट्यावर विसंबून जात ठरवणे धोक्याचे असते, कारण संकराचा पितृपक्ष त्यात दिसतच नाही. येथे ते केवळ जोडपुरावा म्हणून घेतले.

फॉर्मॅलिनमधील दोन आखूड कृमींचे काय? त्यांच्यातून 680 चा तुकडा काही केल्या वाढला नाही. मग केंद्रकातील पेपसीके या जनुकाची चाचणी केली. तिच्यात हेपॅटिकासाठी सुमारे 500 आणि जायगँटिकासाठी सुमारे 240 अक्षरांचा तुकडा येतो आणि संकरितात दोन्ही येतात. एका कृमीतून 240 चा तुकडा मिळाला, दुसऱ्यातून काहीच नाही. पहिल्यात जायगँटिकाचा अंश आहे एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. 500 चा तुकडा आला नाही म्हणून हेपॅटिकाचा अंश नाहीच, असे म्हणता येत नाही, कारण फॉर्मॅलिनने मोडलेल्या डीएनएतून लांब तुकडा तसाही येणे अवघड असते. जे दिसले नाही ते नाही असे धरण्याआधी ते दिसण्याची संधी होती का, हे पाहावे लागते. म्हणून अंतिम नोंदीत अल्कोहोलमधील चौदा कृमींपुढे 'रचना व डीएनए' असे आधार लिहिले, पहिल्या फॉर्मॅलिन कृमीपुढे 'रचना, शुक्राणू आणि अंशतः डीएनए', आणि दुसऱ्यापुढे केवळ 'रचना. जायगँटिका असण्याचा संभव मोठा'. फॉर्मॅलिनमधील सहा मोठे कृमी रचनेवरूनच ओळखले आणि तसेच नोंदवले.

पित्तनलिकेतील गुलाबी, शंकूसारख्या कृमीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. हा पानासारख्या कृमीच्या कुळातला नव्हे. कोटीपोटात आढळणाऱ्या अँफिस्टोम गटातील, पण पित्तनलिकेत राहणारा. या गटात बाहेरून जात ओळखणे अशक्यप्राय असते. कृमीचा मधोमध उभा छेद घेऊन मागचा चूषक, घसा आणि जननद्वार यांतील स्नायूंची मांडणी पाहावी लागते. ही पद्धत नॅसमार्कने 1937 मध्ये घालून दिली. शरीराच्या मानाने प्रचंड असलेला मागचा चूषक छेदात दिसताच ओळख जवळजवळ पटली. आयटीएस-2 ची अक्षरे सार्वजनिक संग्रहाशी ताडली, तेव्हा सर्वांत जवळच्या नोंदी 'जायगँटोकॉटिल एक्सप्लॅनॅटम' आणि 'एक्सप्लॅनॅटम एक्सप्लॅनॅटम' या दोन वेगळ्या नावांनी होत्या. नवख्याला या दोन जाती वाटतील. प्रत्यक्षात क्रेप्लिनने 1847 मध्ये वर्णन केलेल्या एकाच कृमीला निरनिराळ्या अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रजातींत, म्हणजे जातीच्या वरच्या गटांत, घातले आहे. संग्रहातील प्रत्येक अक्षरमालेवरचे नाव कोणीतरी कृमीकडे पाहून दिलेले असते. पाहणाऱ्याची चूक अक्षरमालेबरोबरच साठवली जाते आणि पुढच्याच्या अहवालात उतरते.

जात ठरल्यावर नोव्हेंबरातील शेणतपासणीचे कोडे सुटले. गवताला चिकटलेली पुटी (कृमीच्या अळीची कवचबंद अवस्था) पोटात गेल्यापासून अंडी शेणात येईपर्यंत हेपॅटिकाला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात, जायगँटिकाला 12 ते 16. ऑगस्टच्या अखेरीस पाणी ओसरताना लागण झाली असे धरले, तर नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांनी, हेपॅटिकाची अंडी मिळण्याची वेळ सुरू झाली असती, जायगँटिकाची मात्र अजून आली नव्हती. पद्धत बरोबर असती तरी त्या दिवशी उत्तर नकारार्थीच येण्याचा संभव मोठा होता, आणि तोवर कोवळे कृमी यकृत पोखरतच होते.

उरलेल्या तीन म्हशींचे शेण आम्ही गाळ पद्धतीने तपासले. दोघींत पिवळसर, झाकण असलेली मोठी अंडी मिळाली. त्यांतील बहुतेकांची लांबी 150 मायक्रॉनपेक्षा अधिक होती, जी जायगँटिकाशी जुळते. एकीत रंगहीन अंडीही होती, ती अँफिस्टोमची. तिसरीत काहीच नव्हते, पण ती त्याच कुरणात चरलेली असल्याने तिला वगळणे योग्य नव्हते. म्हशी दुभत्या होत्या. कोवळ्या कृमींवरही चालणारे ट्रायक्लाबेंडाझोल दुभत्या जनावरांत टाळावे लागते, म्हणून प्रौढ पर्णकृमींवर परिणामकारक असलेले ऑक्सिक्लोझानाइड निवडले, वाचलेले कोवळे कृमी वयात आल्यावर म्हणून ते काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचे ठरवले आणि ठरलेल्या मुदतीत दूध रतिबाला घालू नये असे सांगितले. मालकाने त्यावर एवढेच विचारले, ''डॉक्टर, औषध देतो, दूध बी बंद ठेवतो, पण वैरण तीच खायाची न्हवं? मग परत न्हाई व्हायाचं कशावरनं?''

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर गोगलगायींत होते. कुरणाला लागून असलेल्या पाटातील पाणवनस्पतींवरून आम्ही गोगलगायी गोळा केल्या आणि एकेक वेगळ्या पेल्यात ठेवून त्यातून सरकेरिया बाहेर पडतात का, ते पाहिले. सरकेरिया ही अळीची अवस्था. तिच्यात प्रौढाची कोणतीही ओळखीची खूण तयार झालेली नसते, त्यामुळे रचना येथे 'फॅसिओलासारखी' यापलीकडे नेत नाही. ज्या एका रॅडिक्स गोगलगायीतून अशा सरकेरिया बाहेर पडल्या, तिच्यातल्या अळ्यांचा आयटीएस-1 वाचला. पाचही जागांवर टी, टी, टी, ए, टी. म्हैस मेली त्या यकृतातील कृमी आणि पाटातील गोगलगाय यांच्यातला दुवा त्यामुळे हाती आला. पाटाच्या कडेचे, पाण्यात बुडून राहिलेले गवत कापून ओलेच घालणे बंद करायचे, कापलेली वैरण पूर्ण वाळवून मगच द्यायची आणि म्हशींना त्या पाटात न सोडता हौदावर पाणी पाजायचे, असे मालकाशी ठरले.

दुरुस्त अहवालात पहिले नाव खोडून टाकले नाही. ते तसेच ठेवून त्यापुढे नवे नाव, तारीख आणि आधार लिहिले. चार आखूड कृमींचे मुख्य भाग काचपट्ट्यांवर आहेत, कडेचे उरलेले तुकडे अल्कोहोलमध्ये थंड जागी आहेत, आणि काचपट्टी, बाटली, छायाचित्र व अक्षरमाला यांवर एकच क्रमांक आहे. फॉर्मॅलिनमधील दुसऱ्या कृमीच्या क्रमांकापुढे 'संभव' हा शब्द अजून तसाच लिहिलेला आहे.